पेजवर ‘झालं’ येतं, पण प्रोसेस उठत नाही : सात मशीन, एक बटण

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याचं दुखणं वेगळं आहे त्याचा वेळ जाणार नाही. तुमच्याकडे एक वेबपेज आहे, त्यावर ‘रीस्टार्ट’चं बटण आहे. ते दाबलं की पीएचपी (पेजमागचा कोड) एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय) चार-सात मशीनवर जातं आणि एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, बंद करून पुन्हा सुरू करतं. पेज हिरवं होतं. पलीकडे प्रोसेस उठलेली नसते, पण पाच-दहा मिनिटांनी पाहावं तर सगळं सुरळीत. आणि तुम्ही स्वतः लॉगिन करून तीच कमांड दिली की पहिल्या फटक्यात चालते. असं होत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

माझा पसारा असा. ऑफिस नागपूरच्या गायत्रीनगरला, तिथे एक मशीन. त्यावरच हे पेज. वाडीला एका ट्रान्स्पोर्टवाल्याच्या तीन गोडाउनमध्ये तीन, कळमन्याला एक, बुटीबोरीला दोन. सगळीकडे उबुंटू लिनक्स. प्रत्येक ठिकाणी ट्रकचा वजनकाटा आहे, त्याच्या इंडिकेटरमधून सिरीयल केबल निघते, ती यूएसबी कन्व्हर्टरने मशीनला जोडलेली. ‘काटा.जार’ नावाचा माझा छोटा जावा प्रोग्राम वजन वाचतो आणि गायत्रीनगरला पाठवतो. काट्यावरच्या केबिनमध्ये स्क्रीनवर जे वजन दिसतं ते गायत्रीनगरच्या डेटाबेसमधलं शेवटचं वजन. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याने बराच घोळ घातला आहे.

मे महिना, नवतपा सुरू, दुपारचे साडेतीन. वाडीहून ऑपरेटरचा फोन. “दादा, काटा पुन्हा अटकला न. दुसरा ट्रक चढला तरी चौदा हजार तीनशे वीसच दाखवून राहिला.” मी बटण दाबलं, हिरवं झालं. “झालं पाहा.” “काही नाही झालं न दादा, तेच आहे.” पुन्हा दाबलं, पुन्हा हिरवं. बाहेर चार ट्रक उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिलेले मला फोनवर ऐकू येत होते. मग अचानक, “हां, आता आलं.” फोन ठेवला. असं उन्हाळाभर, आठवड्यातून दोन-तीनदा. पावसाळा लागला की बंद. मागच्या वर्षीही हेच झालं होतं आणि जूनमध्ये आपोआप मिटलं म्हणून मी त्याच्या खोलात गेलो नव्हतो.

चूक माझीच होती, म्हणून तिची चिरफाडही मीच करतो.

पहिलं काम : पेजचं ऐकू नका, पलीकडच्या मशीनला विचारा

एक दिवस फोन आल्यावर बटण दाबण्याआधी मी दुसऱ्या खिडकीत वाडीच्या मशीनवर लॉगिन केलं आणि ‘वॉच’ लावून दर सेकंदाला ‘काटा.जार’चा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) बघत बसलो. २३१७. बटण दाबलं. २३१७ गेला. पेज हिरवं. आणि खिडकीत काहीच नाही. नवा पीआयडी आलाच नाही. मी बघत राहिलो. घड्याळात बरोबर ३ वाजून ४० मिनिटं झाली तेव्हा नवा पीआयडी उगवला.

बरोबर ४० मिनिटं. अशी गोल वेळ दिसली की आधी क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) उघडायचं. तिथे दर दहा मिनिटांनी चालणारी एक ओळ होती : ‘राखण.एसएच’. प्रोसेस मेलेली दिसली तर उठव. कोणी टाकली म्हणाल तर मीच, दोन वर्षांपूर्वी, वीज जाऊन आल्यावर प्रोग्राम सुरू व्हावा म्हणून. विसरून गेलो होतो.

म्हणजे माझं बटण दोन वर्षं फक्त मारायचं काम करत होतं. उठवण्याचं काम क्रॉन करत होता. ३ वाजून ३९ मिनिटांनी दाबलं तर मिनिटभरात वजन यायचं, आणि मी खूश. ३१ मिनिटांनी दाबलं तर नऊ मिनिटं ट्रक उभे. म्हणून कधी चालतं, कधी नाही, असं वाटायचं.

आता उठत का नव्हती?

पेजमधून वाडीच्या मशीनला जाणारी कमांड एकाच ओळीत होती. आधी ‘पीकिल -एफ काटा.जार’, मग अर्धविराम, मग ‘नोहप’ (जोडणी तुटली तरी प्रोग्राम चालू ठेवणारा) लावून जावा सुरू. दिसायला निर्दोष. मी गायत्रीनगरहून नुसती चाचणी घेतली. जावाच्या जागी साधा ‘एको’ टाकला, जो नुसता दिलेला शब्द छापतो :

एसएसएच वाडी१ ‘पीकिल -एफ काटा.जार; एको पोहोचलो’

‘पोहोचलो’ छापूनच आलं नाही. मग आधी वाडी१ वर लॉगिन केलं आणि तिथल्या प्रॉम्प्टवर तेच शब्द टाइप केले. ‘पोहोचलो’ आलं.

कारण एकदा कळलं की हसू येतं. ‘-एफ’ दिलं की पीकिल प्रोसेसचं नुसतं नाव बघत नाही, तिची अख्खी कमांड लाइन बघतो आणि त्यात दिलेला मजकूर शोधतो. एसएसएचला कमांड सोबत दिली की पलीकडचं शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) ‘बॅश -सी’ आणि पुढे तुमची पूर्ण ओळ असं सुरू होतं. म्हणजे त्या शेलच्या कमांड लाइनमध्येही ‘काटा.जार’ हे शब्द आहेतच. पीकिल स्वतःला वगळतो, आपल्या बापाला वगळत नाही. त्याने जावाला मारलं आणि त्याच झटक्यात ज्या शेलने त्याला बोलावलं त्यालाही मारलं. अर्धविरामाच्या पुढचं वाचायला कोणी उरलंच नाही. हाताने लॉगिन केलं की शेलची कमांड लाइन नुसती ‘-बॅश’ असते, त्यात ‘काटा.जार’ नाही, म्हणून ते जगतं. ‘माझ्या हातून चालतं, पेजवरून नाही’ या तक्रारीमागे दर वेळी परवानग्या किंवा पाथच असतात असं धरून मी आधी तिकडेच दोन संध्याकाळी घालवल्या होत्या.

‘राखण.एसएच’ मात्र या सापळ्यातून वाचलं होतं, कारण क्रॉनच्या ओळीत फक्त त्या फाइलचं नाव होतं; ‘काटा.जार’ हा शब्द फाइलच्या आत होता. शुद्ध नशीब.

तात्पुरता इलाज दोन प्रकारे होतो. एक म्हणजे शोधायच्या शब्दातलं पहिलं अक्षर चौकटी कंसात टाकणे. पीकिलला तो पॅटर्न वाटतो आणि खरा जावा त्यात सापडतो, पण शेलच्या ओळीत कंसासकट मजकूर असल्याने ते सापडत नाही. मात्र त्याच ओळीत पुढे जावा सुरू करताना ‘काटा.जार’ पुन्हा लिहिलेलं असेल तर कंस फुकट गेला. मी एक तास त्यातही घालवला. दुसरा आणि बरा उपाय म्हणजे सगळं पलीकडच्या मशीनवर एका स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि एसएसएचने फक्त ती स्क्रिप्ट चालवा. स्क्रिप्टच्या नावात तो शब्द नको, हे सांगायला नकोच.

कायमचा इलाज : सिस्टमडी

प्रोसेस मारणं-उठवणं हा धंदा आपण करूच नये. लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू-बंद करायचं काम सिस्टमडीचं. त्याची युनिट फाइल (कोणता प्रोग्राम कसा चालवायचा ते) लिहा, त्यात ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ आणि ‘रीस्टार्टसेक=५’ टाका, आणि पेजवरून फक्त ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट काटा’ पाठवा. मी एकेक करून सातही मशीन यावर आणल्या. त्या वाटेत जे खड्डे लागले ते असे.

सुडोचा (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणाऱ्याचा) पासवर्ड. पेजमागे कीबोर्ड नाही, पासवर्ड कोण देणार? सुडोला ‘-एन’ द्या, म्हणजे तो अडून न बसता लगेच एरर देतो. सुडोअर्समध्ये (सुडोच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये) वेगळ्या युजरला फक्त ही एक कमांड बिनपासवर्डची द्या, ‘ऑल’ देऊ नका. बुटीबोरीला ही नोंद करूनही सुडो पासवर्ड मागतच राहिला. फाइलचं नाव मी ‘काटा.कॉन्फ’ ठेवलं होतं, आणि सुडोअर्स.डी फोल्डरमधली ज्या फाइलच्या नावात टिंब आहे ती सुडो वाचतच नाही. एरर नाही, सूचना नाही. नाव ‘काटा’ केलं, चाललं. बदल नेहमी व्हीआयसुडोनेच करा. साध्या एडिटरने चूक झाली तर सुडोच बंद पडू शकतो, आणि मग बुटीबोरीपर्यंत गाडी काढावी लागते.

होस्ट की, म्हणजे पलीकडच्या मशीनची ओळख. वाडी२ ची डिस्क गेली, नवी टाकून मशीन पुन्हा बसवली. मी लॉगिन केलं, नवी की स्वीकारली, माझ्यापुरतं झालं. पेज मात्र ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरने चालतं. त्याची नोन-होस्ट्स फाइल (ओळखीच्या मशीनच्या कींची यादी) वेगळी, तिच्यात जुनीच की. ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’. म्हणून चाचणी स्वतःच्या नावाने घेऊच नका, ‘सुडो -यू’ लावून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावानेच घ्या. यावर अनेक जण की-तपासणीच बंद करून टाकतात. ते नको. ओपनएसएसएच ७.६ पासून, म्हणजे २०१७ पासून, ‘स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग’ या सेटिंगला ‘अ‍ॅक्सेप्ट-न्यू’ असं मूल्य देता येतं : अनोळखी मशीनची की घेतो, पण ओळखीच्या मशीनची की बदललेली दिसली तर अडवतो. बदललेली की हाताने, फिंगरप्रिंट जुळवूनच घाला.

नव्वद सेकंद. सिस्टमडीवर आणताना मी हौसेने प्रोग्राममध्ये शटडाउन हुक टाकला : बंद होताना सिरीयल पोर्ट नीट बंद करावा. हा हुक वजन वाचणाऱ्या थ्रेडची (प्रोग्रामच्या त्या भागाची) वाट बघायचा, आणि अटकलेला थ्रेड मेलेल्या पोर्टकडे डोळे लावून बसलेला. जेव्हा रीस्टार्टची खरी गरज, नेमकं तेव्हाच प्रोग्राम मरत नव्हता. सिस्टमडी आधी सिगटर्म (‘बंद हो’ असा इशारा) देतो आणि मुळात ९० सेकंद वाट पाहतो, मगच सिगकिल (सक्तीने मारणं). इकडे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पीएचपीची ६० सेकंदच वाट पाहतो आणि ५०४ (वेळ संपली) ही एरर फेकतो. माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. मी ‘टाइमआउटस्टॉपसेक’ १५ वर आणलं, हुकमधली वाट पाहण्याची मुदत तीन सेकंद केली, आणि पेजमध्ये एफलॉक (फाइलवरचं कुलूप) लावलं, म्हणजे एक रीस्टार्ट चालू असताना दुसरा सुरूच होत नाही. एफलॉकची फाइल टेम्प फोल्डरमध्ये ठेवू नका. वेब सर्व्हरच्या किंवा पीएचपीच्या युनिटला प्रायव्हेटटेम्प लागलेलं असेल तर त्याचं टेम्प वेगळं असतं, आणि तुमच्या शेलमधून ती फाइल दिसतच नाही.

याच ओघात : जावा सिगटर्मने नीट बंद झाला तरी त्याचा एक्झिट कोड (बंद होताना दिलेला आकडा) १४३ येतो, आणि सिस्टमडी ते ‘फेल्ड’ धरतो. युनिटमध्ये ‘सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३’ लिहिलं की लॉगमधला तो खोटा लाल रंग जातो.

एक मेलं, सगळे अडले. बुटीबोरीची एक मशीन ४जी राउटरवर आहे. नेट गेलेलं असलं की एसएसएच जोडणीसाठी दोन मिनिटांच्या वर वाट पाहत बसायचा, आणि माझा लूप एकामागून एक जाणारा, त्यामुळे पुढच्या मशीनची पाळीच यायची नाही. ‘कनेक्टटाइमआउट=५’ आणि ‘बॅचमोड=यस’ हे दोन्ही पर्याय एसएसएचला द्याच. शक्य असेल तर प्रत्येक मशीनसाठी वेगळी प्रोसेस सोडा.

सकाळचा भुताटकी रीस्टार्ट. काही दिवस रोज सकाळी दहाच्या सुमारास सगळे काटे एकदा झटका खायचे. माझं बटण म्हणजे साधी लिंक होती, पत्त्यातच ‘रीस्टार्ट=सगळे’. मी ऑफिसला येऊन, तर्री पोहे पोटात असताना ब्राउझर उघडायचो, तो कालचे टॅब पुन्हा लोड करायचा, आणि लिंक पुन्हा चालायची. काही बदल घडवणारी गोष्ट गेटवर (पत्ता उघडताच जाणारी विनंती) ठेवायची नाही, पोस्टवर (फॉर्म पाठवल्यावरच जाणारी) ठेवायची, काम झाल्यावर ३०३ देऊन दुसऱ्या पेजवर पाठवायचं, सोबत सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पेजवरून आली याची खूण). पुस्तकात वाचलेलं होतंच.

हिरवा रंग कधी दाखवायचा

माझ्या जुन्या पेजमध्ये पीएचपीचं ‘एक्झेक’ (कमांड चालवणारं फंक्शन) परत आलं की लगेच ‘झालं’ छापलं जायचं. एक्झेकला तिसरा आर्ग्युमेंट देता येतो, त्यात एक्झिट कोड मिळतो. मी तो घेतलाच नव्हता. कमांडच्या शेवटी ‘२>&१’ जोडून एररही पकडा. कोड २५५ आला तर गडबड बहुतेक एसएसएचच्या जोडणीतच आहे. दुसरा काही आला तर तो पलीकडच्या कमांडचा.

पण शून्य (म्हणजे ‘चूक नाही’) आला म्हणूनही हिरवं करू नका. युनिट ‘टाइप=सिंपल’ असेल तर प्रोसेस फोर्क झाली (नुसती जन्मली) की सिस्टमडी ‘सुरू झालं’ म्हणून मोकळा. जावा पुढच्या सेकंदाला कोलमडला तरी रीस्टार्टने शून्यच दिलेला असतो. मी आता असं करतो : बटण दाबल्यावर आधी ‘सिस्टमसीटीएल शो’ने मेनपीआयडी विचारून ठेवतो. मग रीस्टार्ट. मग दहा सेकंद थांबून पुन्हा विचारतो. पीआयडी बदललेला हवा, स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’ हवी. एवढ्यावर पेज पिवळं होतं, मजकूर ‘प्रोसेस उठली, वजनाची वाट’. त्या मशीनकडून डेटाबेसमध्ये नवी नोंद पडली की मगच हिरवं. इंडिकेटर रिकाम्या काट्याचंही वजन सतत पाठवतो, म्हणून ट्रकची वाट पाहावी लागत नाही.

केबिनच्या स्क्रीनवरही आता वजनाखाली ‘किती सेकंदांपूर्वीचं’ ते येतं. १० सेकंदांपेक्षा जुनं असलं की आकडाच लाल होतो. गोठलेला १४३२० मला आणि ऑपरेटरला सारखाच फसवत होता. प्रोग्राम अटकलेला असो की मेलेला, स्क्रीनवर तोच आकडा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण असं पेज म्हणजे घराची किल्ली दाराबाहेर टांगण्यासारखं आहे. पेज फक्त व्हीपीएनच्या आत. मशीनचं नाव ठरलेल्या यादीतूनच घ्यायचं, ब्राउझरकडून आलेला मजकूर थेट कमांडला जोडायचा नाही. प्रत्येक मशीनच्या ऑथोराइज्ड-कीज फाइलमध्ये (कोणत्या कीला आत घ्यायचं त्याची यादी) पेजच्या एसएसएच कीपुढे ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कमांड=’ लावून एकच स्क्रिप्ट बांधून टाका; की चोरीला गेली तरी चोराला काटा रीस्टार्ट करण्यापलीकडे काही जमू नये. खाजगी कीची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि ती वेब सर्व्हर ज्या फोल्डरमधून फाइली देतो त्याच्या बाहेर.

मुळात अटकत का होता?

हे ऑपरेटरने मला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं. “दादा, कूलर लावला का काटा अटकते.” मी म्हटलं होतं, कूलरचा काय संबंध. यंदा केबिनमध्ये बसून पाहिलं. कूलर, त्याचा पंप आणि मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. कूलर चालू करताच कर्नल लॉगमध्ये ओळ आली : यूएसबी डिस्कनेक्ट, लगेच खाली नवी जोडणी. प्रोग्रामने ‘टीटीवाय-यूएसबी-०’ (कन्व्हर्टरच्या पोर्टचं नाव) उघडून धरलेलं, म्हणून परत आलेल्या कन्व्हर्टरला ‘टीटीवाय-यूएसबी-१’ मिळालं. प्रोग्राम आपला शून्यावर ऐकत बसला. पावसाळ्यात कूलर बंद, समस्या बंद. दोन वर्षांचं कोडं त्या बोर्डवर होतं.

कूलर दुसऱ्या सॉकेटवर नेला, कन्व्हर्टरच्या केबलला फेराइट (विजेचा गोंगाट दाबणारं कडं) लावलं, आणि प्रोग्रामला ‘देव/सिरीयल/बाय-आयडी’मधलं कायमचं नाव दिलं; ते शून्य-एकच्या अदलाबदलीने बदलत नाही. कळमन्याला दोन कन्व्हर्टर आहेत, एक काट्याचा आणि एक बाहेरच्या डिस्प्ले बोर्डचा, तिथे तर हे नाव नसेल तर प्रोग्राम कधी कोणाचं ऐकेल याचा नेम नाही. शिवाय तीस सेकंद काही आलं नाही तर प्रोग्राम स्वतःच एरर देऊन बाहेर पडतो, सिस्टमडी त्याला पाच सेकंदांत उठवतो. बटणाची गरज आता महिन्यातून एखाद वेळी.

एक गोष्ट राहिली, आणि सिस्टमडीवर जाणाऱ्या प्रत्येकाने ती आधी करावी : जुनी क्रॉनची ओळ काढा. वाडी३ वर मी विसरलो. रीस्टार्टच्या त्या पाच सेकंदांच्या फटीत क्रॉनची दहावी मिनिट आली, ‘राखण.एसएच’ला प्रोसेस दिसली नाही, त्याने आपली एक उठवली. मग सिस्टमडीने दुसरी. दोन्ही एकाच सिरीयल पोर्टवर. सिरीयल पोर्टवरून आलेलं अक्षर एकालाच मिळतं, जो आधी वाचेल त्याला. १४३२० मधला २ एकाने घेतला, बाकी दुसऱ्याने. ऑपरेटरचा फोन आला तेव्हा तो हसतच होता. “दादा, आज अटकला नाही. पण चौदा टनाचा ट्रक चौदाशे तीस किलोचा दाखवून राहिला.”